जुन्या घरातील ओल, लोणा आणि काळी बुरशी: कारण एकच की निरनिराळी?

रावपुरेकर (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर वडोदऱ्यात रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आहे. बांधकाम आजेसासऱ्यांच्या वेळचे, दोन मजली, विटा चुन्यात बसवलेल्या, मजल्याला आणि गच्चीला सागवानी तुळया, आणि गच्चीवर पुढे कधीतरी घातलेले चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). घरात तीन ठिकाणी ओल आहे आणि तिन्ही ठिकाणी तिचे रूप वेगळे दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रस्त्याच्या बाजूच्या बैठकीत भिंत जमिनीपासून वर ओली होते. काही वर्षांपूर्वी तेथील जुना गिलावा गळू लागला, तेव्हा कमरेच्या उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचे मिश्रण घातलेला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तो अजूनही टणक आहे. परंतु त्याच्या वरच्या कडेला लागून आता हातभर रुंदीचा ओलसर पट्टा उमटला आहे, तेथे रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, फरशीवर पडत राहते. रोज सकाळी झाडली तरी संध्याकाळी ती पुन्हा असतेच. विशेष म्हणजे हा पट्टा पावसाची वाट पाहत नाही. जूनच्या आरंभी हवा दमट झाली, की पहिली सर येण्याआधीच तो गडद होतो.

मागच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे भिंतीवर काळे-हिरवे ठिपके आहेत आणि त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. वरच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा एक डाग आहे, जो जोराच्या पावसानंतर पसरतो.

एका ठेकेदाराने येऊन भिंतींना हात लावून पाहिला आणि सर्व भिंतींना रासायनिक लेप, खालच्या खोल्यांना चार फुटांपर्यंत टाइल्स आणि गच्चीला पांढरा लेप असे एकत्र अंदाजपत्रक दिले. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे काम लांबणीवर टाकण्याची आमची इच्छा नाही. मात्र तिन्ही दुखण्यांवर एकच औषध चालेल का, कारण घरच्या घरी कसे तपासावे आणि भिंतीला टाइल्स लावणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जोते-पाया

रावपुरेकर ताई, मी बांधकाम खात्यात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून ही तीन वेगवेगळी दुखणी वाटतात, आणि सर्वांवर एकच लेप फासणे मला मान्य नाही.

घरात पाणी शिरण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एक तर ते जमिनीतून विटांच्या सूक्ष्म छिद्रांमधून वर चढते. किंवा पावसाबरोबर छतातून, छज्जातून, भिंतीच्या भेगेतून आत येते. किंवा नळाच्या अथवा सांडपाण्याच्या जोडातून झिरपते. किंवा हवेतील वाफच थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. यांपैकी कोणती वाट आहे हे डागाच्या रंगापेक्षा त्याच्या वेळापत्रकावरून अधिक खात्रीने कळते. पावसानंतर काही तासांत किंवा दिवसाभरात वाढणारा आणि नंतर आक्रसणारा डाग छताचा असतो. भर मे महिन्यातही तितकाच ओला राहणारा डाग बहुधा नळाचा किंवा मोरीचा असतो. जमिनीतून चढणारी ओल सावकाश बदलते आणि साध्या भिंतीत सहसा मीटर-सव्वा मीटरच्या वर जात नाही. तेव्हा पेन्सिलने प्रत्येक डागाच्या कडेने रेघ ओढून तिच्याशेजारी तारीख लिहा, आणि दर पंधरा दिवसांनी नवी रेघ ओढा. यास खर्च काहीच नाही आणि कडियाशी (गवंड्याशी) वाद घालण्याची वेळ आली तर भिंतच साक्ष देते.

आता बैठकीच्या भिंतीविषयी. चुन्यात बांधलेली जुनी भिंत पाणी पिते आणि तितकेच हवेत सोडते. तिचा सारा व्यवहार या सोडण्यावर चालतो. तुम्ही कमरेपर्यंत सिमेंटचा जाड, बंद थर दिला, त्यामुळे जमिनीतून येणाऱ्या पाण्याला खोलीच्या बाजूने बाहेर पडण्याची जागा उरली नाही. ते पाणी सिमेंटच्या मागून वर चढले आणि जेथे सिमेंट संपले तेथे बाहेर आले. पाणी उडून जाते, पण त्याने मातीतून आणि विटांतून आणलेले क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना गिलाव्याचे कण सुटे करतात, आणि फरशीवर पडणारी पांढरी भुकटी ती हीच. हे क्षार हवेतील ओलावा स्वतःकडे ओढून घेतात. पावसाच्या आधीच पट्टा गडद होण्याचे कारण यात आहे: त्या दिवसांत जमिनीतून नवे पाणी आलेले नसते, भिंतीतले मीठ दमट हवेने पाझरलेले असते. म्हणून असा लोणा ओल्या फडक्याने पुसू नये; मीठ विरघळून पुन्हा भिंतीत शिरते. कोरड्या ब्रशने झाडून, भुकटी गोळा करून घराबाहेर टाकावी.

टाइल्स लावल्याने हेच सर्व चार फुटांच्या वर जाईल आणि काही वर्षे दिसणार नाही, एवढाच फरक पडेल. त्यापेक्षा आधी बाहेर जाऊन ओटला (दारापुढचा ओटा) आणि रस्ता यांतील उंची मोजा. आपल्या जुन्या शहरात रस्त्यावर डांबराचा आणि काँक्रीटचा थरावर थर चढत गेला आहे. जोते मूळ जमिनीपासून जितके वर बांधले होते तितके ते आता उरलेले नसते, आणि कित्येक घरांत रस्त्याची पातळी आतल्या फरशीपर्यंत येऊन पोहोचली आहे. जोत्यात ओल अडवणारा थर असलाच, तर तोही अशा वेळी मातीखाली जातो आणि पाणी त्याला वळसा घालून भिंतीत येते.

मागच्या खोलीचे कारण मात्र मला येथून सांगता येणार नाही. न्हाणीघराची गळती आणि हवेतील वाफ या दोन्ही शक्यता आहेत. त्यासाठी अॅल्युमिनियमचा फूटभर चौरस कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या खोलीकडील बाजूस पाणी जमले तर ते हवेतले. भिंतीकडील बाजूस जमले तर ते भिंतीतले. पोपडे सुटलेल्या जागी चिकटपट्टी धरत नाही, तेव्हा आधी कडेपुरता सुटा रंग खरवडून घ्यावा. असे दोन कागद लावा: एक जमिनीलगत आणि एक खांद्याच्या उंचीवर.

गच्चीवर पाणी भरून तपासण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. काँक्रीटच्या स्लॅबवर ते ठीक आहे. तुमची गच्ची लाकडी तुळयांवर आहे आणि दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन. जुन्या लाकडावर ते संपूर्ण गच्चीभर घालू नये. मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून एकेक तुकडा तपासावा, आणि त्याही आधी पन्हळीचे तोंड, कठड्याचा पाया आणि मोझॅकच्या भेगा डोळ्यांनी पाहाव्यात. दहापैकी बऱ्याच वेळा कारण तेथेच सापडते.

मांजलपूरकर

वरील उत्तर उत्तम आहे. मी केवळ कपाटामागील बुरशीविषयी लिहिते, कारण आमच्या फ्लॅटमध्ये ना जमिनीची ओल होती ना गळती, तरीही भिंत काळी पडत असे.

आमच्याकडे शयनगृहात दिवसरात्र वातानुकूलन चाले आणि बुरशी मात्र त्या खोलीत नव्हे, तिच्या भिंतीला लागून असलेल्या बाहेरच्या बोळातील कपाटात येई. हिशेब साधा आहे: 30 अंशांच्या हवेत 80 टक्के आर्द्रता असेल तर 26 अंशांच्या भिंतीवरही तिचे पाणी सुटू लागते. आतून थंड झालेली भिंत बोळाच्या बाजूने एवढी थंड सहज असते, आणि कपाटामागे हवा खेळत नसल्यामुळे ते पाणी सुकत नाही. बुरशीला धूळ, रंग, कागद यांतले काहीही खाद्य पुरते. तिला उणीव असते ती फक्त ओलाव्याची. आम्ही तापमान 26 वर ठेवले, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले आणि त्याची दारे दुपारी पंख्याखाली उघडी ठेवू लागलो. त्यानंतर ठिपके परत आले नाहीत.

घरातल्या घरात किती वाफ तयार होते याची आपल्याला कल्पना नसते. पाइपचा गॅस एक घनमीटर जळला की त्यातूनच दीड लीटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. भात-वरणाची वाफ वेगळीच. पावसाळ्यात खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या एका वेळच्या धुण्यातून दोन-एक लीटर पाणी हवेत जाते. म्हणून स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा आणि त्याचे तोंड खरोखर घराबाहेर उघडते की माळ्यावर, हे पाहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सरसकट सल्ला जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चालत नाही, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते. त्या दिवसांत खोली बंद ठेवून वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’वर चालवणे अधिक उपयोगी पडते; खिडक्या उघडायच्या त्या उघडीप पडल्यावर, कोरड्या वाऱ्याच्या वेळी. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक भिंतीवर टांगला, की अंदाज बांधावा लागत नाही. आकडा 60 च्या खाली राहील असे पाहावे.

छातीरोगतज्ज्ञ

सासूबाईंच्या दम्याच्या संदर्भात थोडक्यात लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, हे स्पष्ट नोंदवले आहे. बुरशी कोणत्या जातीची आहे याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याची सहसा गरज नसते, कारण जात कोणतीही असली तरी ती काढणे आणि ओल थांबवणे हाच उपाय राहतो.

साफसफाईच्या वेळी सासूबाईंना दुसऱ्या घरी किंवा किमान दुसऱ्या मजल्यावर पाठवावे. कोरडी बुरशी ब्रशने खरवडली तर बीजाणू खोलीभर उडतात. म्हणून आधी भिंतीवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा, एन-95 मुखपट्टी, चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत आणि वापरलेली फडकी पिशवीत बंद करून टाकून द्यावीत. (लोणा कोरडा झाडायचा आणि बुरशी ओली करून पुसायची, हा फरक घरकाम करणाऱ्या ताईंना नीट समजावून सांगावा.) ब्लीच वापरणार असाल तर ते आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त जागा काळी पडली असेल तर ते काम माहीतगाराकडून करून घ्यावे. बुरशीवर थेट रंग लावण्याचा उपयोग नाही. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते आणि रंगही टिकत नाही.

अकोटावासी

आमच्या तळमजल्यात ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पाणी शिरले होते. त्या अनुभवावरून एकच सांगतो, की भिंत सुकण्यास किती वेळ लागतो याविषयी कोणाचेही आश्वासन ऐकू नका. विटांची भिंत जाडीच्या एका इंचाला साधारण एक महिना घेते असा जुना ठोकताळा आहे आणि तो आमच्या नऊ इंची भिंतीला बऱ्यापैकी लागू पडला. शेजारच्या काही घरांनी दिवाळीच्या घाईने पुट्टी आणि प्लास्टिक रंग लावला आणि होळीपर्यंत तो फुगे येऊन सुटला. आम्ही खालचा गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवल्या. पाहुण्यांच्या नजरेला ते बरे दिसत नसे, पण हिवाळ्याच्या कोरड्या हवेत भिंत मोकळी झाली.

रावपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या. निष्कर्ष असे आहेत.

सासूबाई सांगतात, की त्या लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा रस्त्यावरून ओटल्यावर येण्यासाठी तीन पायऱ्या होत्या. आज एक उरली आहे आणि तीही अर्धी. बैठकीतील कागदाला भिंतीकडून घाम आला. मागच्या खोलीत मात्र दोन कागदांनी दोन उत्तरे दिली: वरच्या कागदावर खोलीच्या बाजूने किंचित दव होते, तर जमिनीजवळचा कागद भिंतीकडून चांगलाच ओला झाला. त्यानंतर रात्री टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करून सर्व नळ बंद ठेवले. पातळी उतरली नाही, म्हणजे नळ ठीक असावेत. मग न्हाणीघराच्या जाळीला बोळा घालून फरशीवर इंचभर पाणी साठवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी पलीकडचा खालचा डाग वाढला. गच्चीवर पन्हळीच्या तोंडाशी पाने अडकली होती आणि कठड्याच्या पायाशी, नेमका डागाच्या वर, बोटाएवढा पिंपळ उगवलेला सापडला.

आता दोन शंका उरतात. भिंतीला भोके पाडून रसायन भरण्याची जी पद्धत सांगतात ती आमच्या भिंतीला लागू पडेल का? आणि मागच्या खोलीतील तुळईचे टोक त्याच ओल्या भिंतीत बसले आहे, त्याची काळजी करावी का?

जोते-पाया

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती अधिक निकडीची आहे. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक ओल्या जागी आतून कुजते किंवा त्याला वाळवी लागते, आणि दिसणारा भाग धडधाकट राहतो. बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीला लागून, तुळईच्या खालच्या बाजूस दाबून पाहा. लाकूड कठीण लागले तर ठीक. टोक सहज रुतले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या भिंतीला हात लावण्याआधी तुळईखाली टेकू द्यावा आणि बांधकाम अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे. गिलावा, लेप, रंग यांचा विचार त्यानंतर.

न्हाणीघराच्या बाबतीत तुमच्या चाचणीने प्रश्न सोडवला आहे: नळ गळत नसून फरशी आणि भिंत यांचा सांधा किंवा जाळीभोवतीची जागा पाणी सोडते आहे. केवळ फरशीच्या फटींत पांढरे सिमेंट भरून ते थांबणार नाही. कडेच्या टाइल्स काढून, सांध्यात गोलाई करून, जलरोधक थर भिंतीवर फूटभर वर चढवावा आणि जाळीचा उतार नीट करावा. वरच्या कागदावरील दवासाठी मांजलपूरकर ताईंनी सांगितलेले उपाय पुरेसे आहेत.

पिंपळ उपटू नका. ओढला तर मूळ आत तुटते, पुन्हा फुटते आणि विटा हलतात त्या हलतातच. सांधा उकलून मूळ जितके मिळेल तितके काढावे, मग सांधा चुना-सुरखीने (चुना आणि विटांचा चुरा) भरून कठडा आणि गच्ची यांच्या कोनात गोलाई करावी. पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवून मे महिन्यात ती साफ करण्याची सवय ठेवावी. गच्चीचा पांढरा लेप ऊन परतवण्यासाठी चांगला आहे, परंतु भेगा आणि उतार दुरुस्त केल्यावाचून तो पाणी अडवत नाही.

रसायन भरण्याची पद्धत खोटी नाही. एका सरळ सांध्यात ठरावीक अंतराने भोके पाडून त्यांत सिलेन-सिलॉक्सेन जातीचे द्रव्य भरतात. ते विटांच्या छिद्रांत पसरून पाण्याचे वर चढणे रोखते. नऊ इंची, सलग चुनाईच्या भिंतीत याचा बरा परिणाम दिसतो. जुन्या जाड भिंतींत मधोमध विटांचे तुकडे आणि माती भरलेली असते. तेथे द्रव्य पोकळीत वाहून जाते आणि सलग पडदा तयार होत नाही. म्हणून आधी एका कोपऱ्यात सिमेंट काढून भिंत आतून कशी आहे ते पाहा. पडदा घालायचाच झाला, तर तो आताच्या रस्त्याच्या पातळीच्या वर हवा. जुन्या जोत्याच्या रेषेवर घातला तर तो जमिनीखालीच राहील.

रस्ता तर आपण खाली नेऊ शकत नाही. तरीही भिंतीलगतचे पाणी दूर नेता येते: गच्चीची पन्हळ ओटल्यावर सांडत असेल तर ती थेट गटारापर्यंत न्यावी, ओटल्याचा उतार रस्त्याकडे करावा, भिंतीला टेकलेल्या कुंड्या हलवाव्यात. पावसाळा संपताच आतला सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा लोणा धरलेला पट्टा अर्धा हात अधिक उंचीपर्यंत काढून विटांचे सांधे दोन बोटे खरवडावेत आणि हिवाळाभर भिंत उघडी ठेवावी. भुकटी येईल, ती झाडत राहावी. फेब्रुवारीच्या सुमारास चुन्याचा गिलावा करून त्यावर चुन्याचीच सफेदी द्यावी. पुट्टी, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि प्लास्टिक रंग त्या भिंतीला वर्ज्य समजावेत. पहिला गिलावा क्षार ओढून घेतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो, हे आधीच धरून चालावे.

ठेकेदाराला सांगा, की अंदाजपत्रक तीन स्वतंत्र कामांचे द्यावे, प्रत्येकात कोणते कारण धरले आहे आणि कोणता थर किती जाडीचा ते लिहावे, आणि गच्चीच्या कामाची शेवटची रक्कम एक पावसाळा गेल्यावर घ्यावी. पेन्सिलच्या रेघांची छायाचित्रे त्याच कागदाला जोडून ठेवा.